बहिणीला मिळालेली पीजीची ब्रँच सोडायची आहे. सल्ला हवा (थोडं लांबलं आहे)

कपाशीवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी एरवी इथं फक्त शेतीच्या धाग्यांवर असतो, बोंडअळी नाहीतर बियाण्याचे भाव. आजचा विषय वेगळा आहे. घरात बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुका. साडेसात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. लहान बहीण सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, आमच्या गावातली पहिली डॉक्टर. मग वर्षभर घरच्या मागच्या खोलीत बसून 'नीट पीजी'चा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास केला. रँक चांगली आली आणि पहिल्याच फेरीत एका शासकीय कॉलेजात एमडी त्वचारोग मिळालं. ज्यांना कळतं त्यांना माहीत आहे की ही ब्रँच मिळायला किती वर जावं लागतं. गावात बॅनर लागला. बॅनरवर 'त्वच्यारोग' असं चुकीचं छापलं होतं, ते जाऊ द्या.

मागच्या हिवाळ्यात रुजू झाली. सहा महिने झाले. ओपीडी, वॉर्ड, संध्याकाळी मोकळी, रात्री झोप. तिच्याबरोबरचे बाकीच्या ब्रँचवाले छत्तीस-छत्तीस तास उभे असतात. आई रोज देवापुढे दिवा लावून म्हणते, पोरीचं भलं झालं.

मागच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर पैसे कटल्याचा मेसेज आला (खातं दोघांचं आहे). फोन केला तर म्हणाली, "दादा, परीक्षेचा फॉर्म भरला. मले पुन्हा नीट पीजी द्यायची हाय. मले स्त्रीरोग पायजे."

आता माझे प्रश्न.

त्याच कॉलेजात ब्रँच बदलून मिळत नाही का? दोन्ही विभागप्रमुखांनी हो म्हटलं तर? सीट सोडली तर दंड किती? बॉण्डच्या कागदावर जामीनदार म्हणून माझीच सही आहे, म्हणून विचारतो. आणि तिसरं म्हणजे, तिला सांगू काय?

मृग कोरडा चालला आहे, तसंही डोकं ठिकाणावर नाही.

पक्या_पांढरकवडा

डर्मा सोडून गायनॅक?? भाऊ, लोक गायनॅक सोडून डर्मा घ्यायला रडतात. तुमची बहीण उलटी गंगा वाहवून राहिली. नका सोडू देऊ. रात्रीचे कॉल नाहीत, कोर्टकेस नाही, नातेवाइकांची मारहाण नाही. पाच वर्षांनी यवतमाळात क्लिनिक टाकेल, लेझर मशीन घेईल. विषय संपला.

संत्राबर्फी

वाचतेय. पण "नका सोडू देऊ" हे काय? पोरगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, म्हैस नाही.

रात्रपाळी_जेआर३

मी मेडिसिनचा तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आहे, विदर्भातच. ड्यूटीतून लिहितोय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. पीजीला एकदा प्रवेश पक्का झाला की ब्रँच बदलता येत नाही, कॉलेजही बदलता येत नाही. दोन एचओडींनी चहा पिऊन ठरवायची ही गोष्ट नाही. सीट ऑल इंडिया कोट्यातून किंवा राज्याच्या सीईटी सेलकडून मिळते, नोंदणी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात होते. डीनच्या हातात काही नसतं. कुणी "ओळख आहे, करून देतो" म्हणाला तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

ब्रँच बदलते ती फक्त फेऱ्यांच्या दरम्यान. पहिल्या फेरीत मिळालेली सीट घेऊन पुढच्या फेरीत वरची पसंती मागता येते. पण आपल्याकडे स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला की 'मी समाधानी आहे' असं लिहून दिल्यासारखं होतं, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. फेऱ्या संपल्या की एकच वाट उरते: राजीनामा, पुन्हा नीट पीजी, पुन्हा काउन्सेलिंग (म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या). जुने गुण चालत नाहीत, ते त्या वर्षापुरते. आणि एक सीट धरून दुसरी शोधता येईल या भ्रमात राहू नका. आधी हातातलं सोडावं लागतं. राजीनामा कधीपर्यंत द्यायचा हे कॉलेजच्या विद्यार्थी विभागात जाऊन लेखी विचारा.

दंडाबद्दल. लोक दोन बॉण्ड एकत्र करतात. एक आहे शिक्षणानंतर एक वर्ष शासकीय सेवा करण्याचा, महाराष्ट्रात पीजीला तो मोडला तर ५० लाख. तो कोर्स पूर्ण करणाऱ्यांसाठी. दुसरा मधेच सीट सोडण्याचा. त्याची रक्कम आणि पुढच्या काउन्सेलिंगला बंदी किती काळ, हे ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं. तुमच्याकडे त्याची प्रत असेल, सही केलीय म्हणता ना? जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांना सुचवलं होतं की सीट सोडण्याचा भारी दंड काढून टाका, त्याऐवजी एक वर्ष प्रवेशबंदी ठेवा, कारण अडकलेल्या पोरांच्या मनावर परिणाम होतोय. पण ती सूचना आहे. तुमच्या कागदावर काय छापलंय तेच चालणार.

दंड का असतो तेही सांगतो, नाहीतर सगळे सरकारला शिव्या घालतील. फेऱ्या संपल्यावर सोडलेली सीट तीन वर्षं रिकामी राहते. त्या युनिटमध्ये एक रेसिडेंट कमी, बाकीच्यांच्या रात्री वाढतात. आमच्या बॅचमध्ये एक गेला, त्याच्या वाटच्या इमर्जन्सी अजून आम्ही वाटून घेतो. त्याच्यावर राग नाही. झोप मात्र गेली.

कपाशीवाला_दारव्हा

जेआर३ साहेब, आभारी आहे. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. कागद शोधला, रक्कम वाचली. पाणी प्यायलो.

एक गोष्ट आधी लिहिली नाही, ती लिहितो. पसंतीक्रमाची यादी भरायला आम्ही दोघं दारव्ह्याच्या नेट कॅफेत गेलो होतो. तिनं वहीत स्त्रीरोग वर लिहून आणलं होतं. मी आणि मामांनी त्वचारोग वर घ्यायला लावलं. मामा म्हणाले, पोरीच्या जातीला रात्रीबेरात्रीचं काम कशाला. मी म्हणालो, रँक एवढी आली तर स्वस्तातला माल कशाला घ्यायचा. हे असंच म्हणालो होतो. ती काही बोलली नाही. कॅफेवाल्यानं क्लिक केलं. आठवड्यानं सीट लागली, तेव्हा रिटेन्शनचा फॉर्मही मीच भरायला लावला, म्हटलं हातचं जायला नको.

संत्राबर्फी

बरं झालं लिहिलंत. (स्वस्तातला माल. अरे देवा.)

वणीकर_डॉक्टर

आमच्या काळी हा प्रश्नच वेगळा होता, म्हणून दोन ओळी. तेव्हा आधी हाउस पोस्ट करायची, सहा-सहा महिन्यांची. सर्जरीत सहा महिने काढले, जमलं नाही, मेडिसिनकडे वळले, असे कितीतरी. स्त्रीरोग, बालरोग, भूल यांचे डिप्लोमा दोन वर्षांचे होते, डीजीओ, डीसीएच, डीए. हात लावून पाहायची सोय होती. आता सव्विसाव्या वर्षी संगणकावर यादी लावायची आणि त्यावर जन्म काढायचा. इंटर्नशिपमध्ये स्त्रीरोगाला जे काही आठवडे मिळतात तेवढ्यावर पोरांनी ठरवायचं, त्यातले निम्मे दिवस पुस्तकं घेऊन लायब्ररीत.

मी स्वतः हाडांचा डॉक्टर व्हायचा होतो, झालो बालरोगतज्ज्ञ. तक्रार नाही. पण हाडांची पुस्तकं अजून कपाटात आहेत.

पक्या_पांढरकवडा

सगळे भावनिक होऊन राह्यले. साधा हिशेब करा. एक वर्ष वाया + दंड + पुन्हा रँक येईलच याची गॅरंटी काय? आणि लग्नाचं वय?

संत्राबर्फी

आलं का लग्न. पंधरा प्रतिसाद तरी थांबायचं होतंत.

पेन्शनर_तंत्रज्ञ

माझं शिक्षण कमी, इथं मोठी माणसं लिहितात. पण त्वचारोग म्हणजे क्रीम-पावडर आणि लेझर एवढंच वाचून राहवलं नाही.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. वर्धा, नंतर चंद्रपूर जिल्हा. सायकलवर गोळ्यांचा डबा आणि खिशात बॉलपेन. पेनाच्या टोकानं चट्ट्यावर हलकेच टेकवायचं, माणसाला डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचं. जिथं लागलं तिथं बोट पडलं नाही की आमची छाती धडधडायची. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची. दोरीसारखी जाड लागली की नाव लिहायचं.

विदर्भाचं या रोगाशी नातं जुनं आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. वरोऱ्याला आनंदवन, १९४९. बहुविध औषधोपचार देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत आला त्यात आमचा वर्धा होता. त्या गोळ्यांच्या पाकिटातल्या एका गोळीनं कातडी काळी पडते. बाया विचारत, "भाऊ, रोग बरा होईन पण मी काळी राहीन का?" जाईल हळूहळू, असं सांगायचो. जायचंही. सहा महिने किंवा बारा महिने पाकीट घ्यायचं, चट्ट्यांवर अवलंबून. पाकीट संपवणारा माणूस पाहिला की सायकलचं ओझं वाटत नसे.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि निर्मूलन झालं असं जाहीर झालं. तेव्हापासून आमच्यासारखे हळूहळू निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, काम सगळ्या आरोग्य खात्यात मिसळलं. रोग मात्र जाहिरात वाचत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रोगी निघतात, लहान पोरंही. पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) नवा डॉक्टर चट्टा पाहून नायट्याचं मलम देतो. मेडिकलवालाही तेच देतो, स्टेरॉइड मिसळलेलं. नायटा चार दिवस दबतो आणि मग घरभर पसरतो. इकडं कुष्ठाची नस मरते. पोराचा पंजा वाकला की मोठ्या दवाखान्यात येतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून म्हणतो, त्या बाईला सांगा, तुझ्या हातात जे आलंय ते हलकं नाही. नागपुरात लेझर करणारे पुष्कळ होतील. नस चाचपणारा एखादा असतो.

वणीकर_डॉक्टर

दंडवत. माझ्याकडे आलेली दोन मुलं मी स्वतः सुरुवातीला चुकवली होती. तुमच्यासारख्या एकानं पकडली.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ. उपजिल्हा रुग्णालय, गेली नऊ वर्षं. गाव सांगत नाही.

काका, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. पण एक बोलते, राग मानू नका. या पोरीला आत्ता कुणी तरी कर्तव्याची आठवण करून द्यायची गरज नाही. त्वचारोग हलकं म्हणून ती सोडत असती तर तुमचं पत्र औषध होतं. ती तसं म्हणालेली कुठं दिसत नाही. हलकं म्हणणारे इथले पक्या आहेत.

भाऊ, तुम्ही विचारताय तिला काय सांगू. सांगू नका, विचारा. सहा महिन्यांत ब्रँच सोडावीशी वाटणारे मी बरेच पाहिलेत. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला कुठल्या ना कुठल्या रात्री सगळंच सोडावंसं वाटतं. कधी ब्रँच नको असते, कधी युनिटमधला एखादा सीनियर नको असतो, कधी फक्त घर पाहिजे असतं. माझ्या पहिल्या वर्षी मला भूलशास्त्र सोडायचं होतं. कारण एकच सीनियर. तो पास होऊन गेला आणि माझी ब्रँच मला आवडायला लागली. कॉलेजचं नाव घेत नाही, आता तिथली माणसंही बदलली असतील. तर पहिलं हे विचारा: ती कशापासून पळतेय? तिथं कुणी छळतंय का? तसं असेल तर इलाज वेगळा, परीक्षा नव्हे.

त्यात काही नाही निघालं, तर मग दुसरं विचारा: कशाकडे? हे जास्त अवघड. पीएचसीतलं एक बाळंतपण आठवून स्त्रीरोग घेऊ नये. मी रोज त्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी असते, ती पायाच्या बाजूला उभी राहील. तिच्या बाजूचं सांगते. सात ग्रॅम हिमोग्लोबिनची बाई, वर सिकलसेल हा रक्ताचा आजार, नवव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखाना पाहणारी. झटके येऊन बेशुद्ध आणलेली, बरोबर सासू आणि एक पिशवी. बाळ झाल्यावर दहा मिनिटांत चादर लाल. रक्तपेढी यवतमाळला. १०८ ला फोन लावला की गाडी दुसरीकडे गेलेली. बाई वाचली तर देव पावला, गेली तर डॉक्टरनं मारली. आमच्याकडे मागच्या तीन वर्षांत दोन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या आणि गेल्या. मी एकटी, म्हणून मी रजेवर असले की सिझर होत नाही, बाई पुढं पाठवतात. तालुक्याला भूल देणारं कुणी नसलं की कैची धरणारी असून काही उपयोग नाही, हेही तिला कळू दे.

एवढं ऐकून तिला भीती वाटली तर चांगलंच आहे, मलाही वाटते. भीती वाटूनही उद्या पुन्हा जावंसं वाटतं का, तेवढं पाहायचं. सुटीच्या दिवशी तिच्याच कॉलेजच्या लेबर रूममध्ये जाऊन उभी राहू दे. रात्री. ओळखीची रेसिडेंट असेलच. पाच-सहा वेळा जाऊ दे.

आणि गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती, ते १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मला हे विद्यार्थी असताना एका सरांनी सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, सर, मी तर भूल देणार. ते म्हणाले, मग भूल दे. असं काही ठरत नसतं वाचून.

सीटसोडू

मी सोडली होती. म्हणून लिहितो, नाव नको.

ऑर्थो मिळालं होतं, चार महिन्यांत सोडलं. खरं कारण, मला ऑपरेशन थिएटरमध्ये घाम फुटायचा. हाडं मोडलेली माणसं नाही, ड्रिलचा आवाज. हे सांगायची लाज वाटायची, म्हणून सगळ्यांना "पाठदुखी" सांगितलं. दंड भरला, वडिलांनी दोन एकर गहाण ठेवलं. मूळ कागद कॉलेजात अडकले होते, ते परत मिळवायला नागपूर–कॉलेज अशा किती चकरा झाल्या मोजल्या नाहीत. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही. त्याच कागदांपायी पुढच्या वर्षीची एक फेरी हुकली.

वर्षभर वडील माझ्याशी बोलले, पण फक्त कामाचं. "जेवलास?" "मोटर बंद कर." एवढंच.

मग पॅथॉलॉजी मिळालं. आज स्लाइड पाहतो, बरं चाललंय. लोक विचारतात, चांगलं झालं ना शेवटी? मी हो म्हणतो. पण ते दोन एकर सोडवायला मला पाच वर्षं लागली, तेही सांगायला हवं. तुमच्या बहिणीच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती मला नव्हती. ती वरच्या ब्रँचमधून खाली येतेय (लोकांच्या हिशेबानं वर-खाली, माझ्या नाही). त्वचारोगाइतकी रँक पुन्हा यायची गरज नाही. थोडी घसरली तरी स्त्रीरोग हाती लागू शकतं. फक्त कागद सोडवायला आधीपासून लागा. अर्जाची पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून. तोंडी काही नको.

रात्रपाळी_जेआर३

सीटसोडूंना १०० टक्के अनुमोदन. पोच घ्याच.

पक्या_पांढरकवडा

ठीक आहे, मी माझा लेझरचा मुद्दा मागं घेतो. लग्नाचा पण. पण दंडाचा नाही.

अवांतर: दारव्ह्याकडे पाऊस?

कपाशीवाला_दारव्हा

नाही अजून. ढग येतात, पुसदकडे जातात.

भूलवाली ताई, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. कोणी छळत नाही म्हणते. मॅडम चांगल्या आहेत म्हणते. मग मी दुसरं विचारलं तर म्हणाली, "तू धागा काढला आहेस नं? माझ्या मैत्रिणीनं लिंक पाठवली. 'साडेसात एकर' आणि 'दारव्हा', दादा, अजून सातबाराच टाकायचा होता." आता ती स्वतः लिहिणार आहे. मला खातं काढून द्यायला सांगितलं. मी आधीच पाय धरून ठेवतो सगळ्यांचे, नीट बोला.

बॅनरवरची

मी ती बहीण. दादानं बरंचसं खरं लिहिलं आहे. कॅफेतलं लिहील असं वाटलं नव्हतं.

पण एक दुरुस्ती. मी काही बोलले नाही असं तो लिहितो. मी बोलले होते. "राहू दे मग" म्हणाले होते. हे बोलणं असतं, हे त्याला आता कळेल. आणि दोष सगळा त्याचा नाही. माऊस माझ्या हातालाही पोचत होता. मलाही वाटलं होतं, एवढी रँक आहे तर वाया कशाला घालवा. बॅनर पाहून मला बरं वाटलं होतं, तेही लिहिते.

भूलवाली मॅडम, पीएचसीतली एक रात्र आहे, तुम्ही ओळखलंत. बाळ झाल्यावर रक्त थांबेना, मी आणि सिस्टर दोघीच. ऑक्सिटोसिन दिलं, गर्भाशय चोळलं, मग सिस्टरनं सांगितलं तशी मूठ आत घालून दुसऱ्या हातानं वरून दाबून धरलं, गाडीत बसून, जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत. ती वाचली. ही गोष्ट सांगितली की सगळे वा म्हणतात, म्हणून मी सांगत नाही. तेवढ्यावर कुणी ब्रँच घेऊ नये हे मलाही कळतं. त्या रात्रीनंतर दोन दिवस माझा उजवा हात थरथरत होता.

कारण त्याहून लहान आहे. माझ्या शेजारच्या खोलीत स्त्रीरोगाची रेसिडेंट राहते. एकदा आम्ही जेवत होतो, भाकरी आणि झुणका, तिच्या आईनं पाठवलेला. तिला कॉल आला. ताट तसंच ठेवून ती पळाली. मी ते ताट झाकून ठेवलं आणि मला तिचा हेवा वाटला. दया यायला पाहिजे होती, चोवीस तास ती झोपली नव्हती. हेवा वाटला. ताटाकडे पाहत बसले मी. दुसऱ्या दिवशी ओपीडीत माझं मन चांगलं लागलं होतं, नायट्याचं आख्खं कुटुंब आलं होतं, सासूपासून नातवापर्यंत, सगळ्यांना एकच मलम मेडिकलवाल्यानं दिलेलं. त्यांना नीट समजावून सांगितलं, तेही आवडलं. पण हेवा गेला नाही.

लेबर रूममध्ये जाऊन पाहा म्हणालात. मी जाते. फेब्रुवारीपासून, रविवारी रात्री. मैत्रिणीच्या मॅडमना विचारून. काम करत नाही, उभी राहते, कधी फाइल लिहून देते. दोन बाळं गेलेली पाहिली. एक आई गेलेली पाहिली. त्यानंतरच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्या गेले.

सीटसोडू सर, कागदांबद्दल आभार. अर्ज लिहून ठेवला आहे, पोच घेईन. दंडाचं मी पाहते. विद्यावेतनातलं मेस सोडून फारसं खर्च झालेलं नाही. पेरणीला जे दिले ते दादाकडे परत मागत नाही, त्यानं घाबरू नये. परीक्षा देते. निकाल लागला की रँक मागच्या वर्षीच्या फेऱ्यांशी ताडून पाहीन. विदर्भातल्या एखाद्या शासकीय कॉलेजात स्त्रीरोग मिळण्याइतकी असली तरच राजीनामा, नाहीतर त्वचारोग पूर्ण करीन, आणि रडत नाही करणार. युनिटमध्ये एक माणूस कमी होतो ते जेआर३ सरांनी लिहिलं, ते मला लागलं. आमच्या मॅडमना मी आधीच सांगितलं आहे, निकालाच्या दिवशी उठून जाणार नाही. त्या रागावल्या. मग म्हणाल्या, तोवर नीट काम कर.

आईला अजून सांगितलं नाही. दादा, तू सांगू नकोस. पेरणी झाली की मी येते.

संत्राबर्फी

ताई, झुणक्याचं वाचून थांबले. बाकी काही लिहीत नाही.

भूलवाली

"त्यानंतरच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्या गेले." मला जे विचारायचं होतं ते विचारून झालं. राजीनाम्याची वेळ आली तर त्याआधी मला निरोप कर, आमच्याकडची जागा अजून रिकामी आहे. तीन वर्षांनीही रिकामीच असेल, विदर्भ आहे.

पेन्शनर_तंत्रज्ञ

बाई, मी तुमच्या भावाला जे लिहिलं ते तुम्हाला धरून ठेवायला नव्हतं. भूल देणाऱ्या मॅडम बरोबर बोलल्या.

फक्त एक काम करा. निकालाला अजून वेळ आहे. तोवर तुमच्या ओपीडीत कुष्ठाचे जितके रोगी येतील त्यांच्या नसा स्वतःच्या हातानं चाचपा. कोपराची, गुडघ्याच्या बाहेरची, कानाखालून मानेवर येणारी. पन्नास झाल्या की बोटांना आपोआप कळतं. कारण हा रोग बायकांमध्ये बाळंतपणानंतर उसळतो. पोटुशी असताना दबून राहतो, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की चट्टे लाल होतात, हात दुखतो, बोटं वाकायला लागतात. घरचे म्हणतात बाळंतवात झाला, शेक द्या. बाई तेव्हा त्वचेच्या दवाखान्यात येत नाही. ती लस द्यायला नाहीतर पाळणा लांबवायचं विचारायला तुमच्याकडे येईल, बाळ डाव्या हातावर धरून. उजवा हात मोकळा असतो. कोपर तिथंच असतं.

कपाशीवाला_दारव्हा

काल रात्री अडीचला पाऊस आला. पक्या, तुमच्याकडे?